चाळिशीत इटालियन शिकणारा कवी : मायकेल मधुसूदन दत्त



शाळाप्रवेशाचे दिवस आले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. मुलाला मोठेपणी परदेशी शिकायला पाठवायचंय, तर घरातली भाषा आत्तापासूनच थोडी मागे ठेवलेली बरी नाही का? प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांचा हेतू चांगलाच असतो. पोराला पुढे जड जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असते.

या प्रश्नावर मी व्याख्यान देणार नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. या माणसाने लहानपणी आपली भाषा खरोखरच मागे टाकली. पुढे तो परदेशी शिकायला गेला, कर्जात बुडाला, आणि चाळीस वर्षांचा झाल्यावर इटालियन शिकायला बसला. त्या इटालियनने त्याला काय दिलं, ते शेवटपर्यंत वाचा. हा माणूस म्हणजे बंगालीतले महाकवी मायकेल मधुसूदन दत्त.

सागरदाडीचा मधू

मधुसूदनांचा जन्म २५ जानेवारी १८२४ चा. गाव सागरदाडी, जेसोर जिल्हा. आज हा भाग बांगलादेशात आहे. गावाजवळून कपोताक्ष नदी वाहते. ही नदी लक्षात ठेवा, गोष्टीत ती पुन्हा येणार आहे. वडील राजनारायण दत्त कोलकात्यात वकिली करत. घरात पैसा होता. आई जाह्नवीदेवी. लहानग्या मधूच्या कानावर रामायण-महाभारत पडलं ते घरातच, बंगाली भाषेत.

पुढे मधू कोलकात्याच्या हिंदू कॉलेजात गेला आणि इंग्रजी कवितेने त्याला झपाटून टाकलं. शेक्सपिअर, मिल्टन, बायरन. आपणही इंग्रजीत लिहायचं, विलायतेला जायचं आणि तिथले लोक वाचतील असा कवी व्हायचं, हे त्याने पक्कं ठरवलं. बंगाली त्याला गावठी वाटू लागली. ती घरात नोकरचाकरांशी बोलायची भाषा, तिच्यात कसलं काव्य होणार, अशी त्याची समजूत. त्या काळच्या कॉलेजात असं वाटणारा तो काही एकटा नव्हता.

फेब्रुवारी १८४३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हिंदू कॉलेज सुटलं, मग बिशप्स कॉलेजात शिक्षण झालं. तिथे ग्रीक आणि लॅटिन पक्की झाली, संस्कृतही झाली. वडिलांशी मात्र बिनसलं, पुढे पैसेही बंद झाले. १८४८ साली मधुसूदन मद्रासला गेले आणि शाळेत शिकवू लागले. होय, आपल्यासारखेच शिक्षक!

मद्रासमधला त्यांचा दिनक्रम त्यांनी एका मित्राला पत्रातून कळवला होता. सकाळी हिब्रू, मग शाळा, दुपारी ग्रीक, नंतर तेलुगू आणि संस्कृत, संध्याकाळी लॅटिन, रात्री इंग्रजी. नोकरी सांभाळून हा माणूस दिवसाला सहा भाषा वाचत होता. या यादीत बंगाली वेगळी दिसत नाही. पण आपण हे सगळं आपल्या भाषेची सेवा करता यावी म्हणूनच करतो आहोत, असं त्याच पत्रात त्यांनी सुचवलं होतं. म्हणजे मनात कुठेतरी हालचाल सुरू झाली होती.

कारण तसं घडलं होतं. १८४९ मध्ये त्यांचं 'द कॅप्टिव्ह लेडी' हे इंग्रजी काव्य मद्रासला छापून आलं. कोलकात्यात शिक्षणखात्याचं काम पाहणारे इंग्रज अधिकारी बेथ्यून यांच्याकडे त्याची प्रत गेली. हे बेथ्यून म्हणजे कोलकात्यात मुलींची शाळा काढणारे. त्यांनी सल्ला दिला, की इतकी बुद्धी आहे तर ती स्वतःच्या भाषेसाठी वापरावी. विचार करा, इंग्रजीत नाव कमवायला निघालेल्या तरुणाला एक इंग्रज सांगतोय, की बाबा, घरी परत जा!

१८५६ साली मधुसूदन कोलकात्याला परतले. मग जे झालं त्याला बांध फुटणं म्हणतात. १८५९ मध्ये 'शर्मिष्ठा' नाटक आलं, १८६० मध्ये निर्यमक छंदातलं 'तिलोत्तमासंभव' आणि १८६१ मध्ये 'मेघनादवध' हे महाकाव्य. ज्या भाषेत काव्य होत नाही असं वाटत होतं, तिच्यात त्यांनी तीन वर्षांत नाटक आणि महाकाव्य दोन्ही उभं केलं.

इथे गोष्ट संपली असती तर ती फार गोड झाली असती. पण विलायतेचं वेड अजून गेलं नव्हतं.

बॅरिस्टर व्हायला निघालेला कवी

जून १८६२ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, मधुसूदन बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला निघाले. लंडनच्या 'ग्रेज इन'मध्ये त्यांनी नाव घातलं. खर्चाची सोय त्यांनी आधीच लावली होती. वडिलोपार्जित मालमत्ता ओळखीच्या लोकांच्या हाती सोपवली. त्यांनी दर काही महिन्यांनी लंडनला पैसे पाठवायचे आणि कोलकात्यात राहिलेल्या हेन्रिएटाला घरखर्च द्यायचा, असं ठरलं. (मद्रासची पहिली पत्नी रिबेका आणि मुलं यांना मधुसूदनांनी मागेच सोडलं होतं. कवी मोठा म्हणून माणसाच्या चुका झाकायचं कारण नाही.)

थोड्याच दिवसांत पैसे यायचे थांबले. तिकडे हेन्रिएटाचाही खर्च बंद झाला. १८६३ च्या मे महिन्यात ती दोन लहान मुलांना घेऊन थेट इंग्लंडला येऊन पोचली. एकट्याचं भागत नव्हतं, तिथे चार तोंडं झाली. लंडन महाग. म्हणून त्याच वर्षी हे कुटुंब फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या व्हर्साय गावी राहायला गेलं. बॅरिस्टर व्हायला लंडनमध्ये ठरावीक सत्रं भरावी लागत, ठरावीक जेवणांनाही हजर राहावं लागे. विद्यार्थीच फ्रान्समध्ये म्हटल्यावर अभ्यासक्रम जिथल्या तिथे राहिला.

व्हर्सायला फ्रान्सच्या राजांचा झगमगता महाल आहे. त्याच गावात हे कुटुंब उसनवारीवर जगत होतं. घरातल्या वस्तू गहाण पडल्या. देणेकऱ्यांचा तगादा इतका वाढला, की आपण तुरुंगात जाऊ आणि बायकामुलांना धर्मादाय आश्रमात राहावं लागेल, अशी भीती मधुसूदनांना वाटू लागली. कोलकात्याला पत्रं धाडून झाली. उत्तर नाही.

शेवटी जून १८६४ मध्ये त्यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांना लिहिलं. विद्यासागर आपल्याला विधवाविवाहासाठी झटलेले समाजसुधारक म्हणून माहीत आहेत. पण आपण शिक्षक आहोत, तर त्यांची दुसरी ओळखही सांगायला हवी. बंगाली मुलं ज्या पुस्तकावरून अक्षरं शिकत, ते १८५५ सालचं 'वर्णपरिचय' त्यांनीच लिहिलेलं. मधुसूदनांच्या अडचणीला धावून आला तो बंगालीच्या बाराखडीचा मास्तर!

ऑगस्टमधल्या एका सकाळची आठवण मधुसूदनांनी स्वतः लिहून ठेवली आहे. गावात जत्रा होती. मुलांना जायचं होतं आणि हेन्रिएटाच्या हातात उरले होते जेमतेम तीन फ्रँक. ती डोळ्यांत पाणी आणून विचारत होती, की हिंदुस्थानातली ती माणसं आपल्याशी अशी का वागतात? मधुसूदनांनी तिला धीर दिला. आज हिंदुस्थानची टपाल येईल, त्यात नक्की काहीतरी असेल, कारण आपण ज्याला लिहिलंय त्याचं काळीज आईचं आहे. तासाभराने टपाल आली. तिच्यात विद्यासागरांचं पत्र आणि पंधराशे रुपये होते. विद्यासागरांनी पुढेही पैसे पाठवले आणि त्यासाठी स्वतः कर्ज काढलं.

आता इटालियन

एवढ्या ओढगस्तीत माणूस काय करेल? मधुसूदनांनी फ्रेंचचा अभ्यास केला. जानेवारी १८६५ च्या शेवटी, एक्केचाळीसावा वाढदिवस झाला त्या सुमारास, त्यांनी आपला जुना वर्गमित्र गौरदास बसाक याला पत्र लिहिलं. फ्रेंच बऱ्यापैकी हाती आली आहे, इटालियन सुरू केली आहे आणि युरोप सोडण्याआधी जर्मनही करायचा विचार आहे, असा त्याचा मजकूर. एखादी मोठी भाषा येणं म्हणजे एक पिकाऊ मुलूख आपल्या नावावर होणं, असंही त्यांना वाटत होतं. हातचा मुलूख गेलेल्या, कर्जात असलेल्या माणसाचं हे लिहिणं आहे. मला तरी ते वाचताना गलबलून आलं.

चाळिशीत इटालियन शिकणं किती अवघड असेल? वर्गात सांगता येईल अशा उदाहरणांनी पाहू. उदाहरणं माझी आहेत, पण अडचण लॅटिन जाणणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची आहे.

लॅटिनचं इटालियनशी नातं साधारण संस्कृतचं मराठीशी आहे तसं. लॅटिनमध्ये सात म्हणजे 'सेप्तेम', इटालियनमध्ये 'सेत्ते'. लॅटिन आठ 'ऑक्टो', इटालियन 'ओत्तो'. आता आपल्याकडे बघा. संस्कृत 'सप्त', प्राकृत 'सत्त', मराठी 'सात'. संस्कृत 'अष्ट', प्राकृत 'अट्ठ', मराठी 'आठ'. संस्कृत 'दुग्ध', प्राकृत 'दुद्ध', मराठी 'दूध'. तिकडे दुधाचं लॅटिन 'लाक्त' इटालियनमध्ये 'लात्ते' झालं. कॉफीच्या दुकानात मिळते ती लाते हीच बरं का! जोडाक्षर जिभेला जड गेलं की लोक ते घासून गुळगुळीत करतात, मग गाव गंगेकाठचं असो की टायबरकाठचं. लॅटिन आणि संस्कृत दोन्ही येणाऱ्या मधुसूदनांना पुस्तकातलं इटालियन ओळखीचं वाटणारच.

पण फसगतही तिथेच होते. नुसत्या संस्कृतच्या बळावर कुणी पुण्याच्या मंडईत भाजी घ्यायला गेला तर त्याचं काय होईल? शब्द ओळखीचे वाटतील, पण वाक्य जमणार नाही. लॅटिनमध्ये संस्कृतसारख्या विभक्ती आहेत, इटालियनने त्या टाकून दिल्या आणि नामाआधी छोटे छोटे शब्द लावले. लॅटिनमध्ये तीन लिंगं, इटालियनमध्ये दोनच. उच्चारात दुहेरी व्यंजन पक्कं सांभाळावं लागतं. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. जीभ जरा घसरली की आजोबांचा नंबर नववा! त्यातून मधुसूदन राहत होते फ्रान्समध्ये. दारात, बाजारात, देणेकऱ्यांशी बोलायची ती फ्रेंच. इटालियन मुख्यतः पुस्तकातून मिळवायची. कानावर एक बहीण आणि डोळ्यांपुढे दुसरी, अशा दोन सख्ख्या बहिणी एकाच वेळी शिकताना शब्दांची सरमिसळ होते, हा भाषा शिकणाऱ्या कुणाचाही अनुभव आहे.

मग त्यांनी वाट कोणती धरली? ते सरळ कवींकडे गेले. पेट्रार्क वाचायला घेतला आणि वाचता वाचता त्याच्या धर्तीवर लिहायला लागले. पण लिहिलं इटालियनमध्ये नव्हे, इंग्रजीतही नव्हे. लिहिलं बंगालीत.

पेट्रार्क आणि दान्ते यांची शाळा

पेट्रार्क हा चौदाव्या शतकातला कवी. आपलं नाव राहील ते लॅटिनमुळे, असं त्याला वाटे. 'आफ्रिका' नावाचं लॅटिन महाकाव्य लिहायला त्याने अनेक वर्षं घातली. आज ते अभ्यासकांशिवाय फारसं कुणी उघडत नाही. लोकांच्या बोलीत त्याने जे छोटे चौदा ओळींचे तुकडे लिहिले, ते सॉनेट, त्यांनी त्याला अमर केलं. इंग्रजीत महाकवी व्हायला निघालेल्या मधुसूदनांना ही गोष्ट किती जवळची असेल, बघा.

आणि दान्ते? तो तर याहून मोठा दाखला. जन्म १२६५, मृत्यू १३२१. त्या काळी गंभीर विषयावर लिहायचं ते लॅटिनमध्ये, असा विद्वानांचा दंडक. दान्तेने आपलं महाकाव्य फ्लॉरेन्सच्या बोलीत रचलं आणि त्याच बोलीतून पुढे इटालियन भाषा उभी राहिली. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्याच काळात, १२९० साली, आपल्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ संस्कृतातून मराठीत आणला. एकाला दुसऱ्याचं नावही ठाऊक नव्हतं, पण दोघांनी काम एकच केलं.

म्हणजे मधुसूदन एवढी मेहनत करून शिकत होते ती इटालियन, आणि तिच्यातले सगळ्यात मोठे दोन कवी जणू सांगत होते, की तू तुझ्या घरच्या भाषेत लिही. नाव मागे ठेवायचं असेल तर आपल्या मातृभाषेलाच वाहून घ्यायला हवं, या अर्थाचं मधुसूदनांनी गौरदासला याच काळात कळवलं.

चौदा ओळींची बंगाली कविता त्यांनी १८६० मध्येच एकदा करून पाहिली होती. आता व्हर्सायला तिचा ओघच लागला. पेट्रार्कची मांडणी आठ आणि सहा ओळींची. मधुसूदनांनी ती घेतली, पण ओळ ठेवली बंगालीच्या चौदा अक्षरांच्या पयार छंदातली. साचा परका, माती घरची. विषय कोणते? कृत्तिवास आणि काशीराम, म्हणजे रामायण-महाभारत बंगालीत आणणारे कवी. कालिदास. बंगालातले सण. विद्यासागर. आणि गावाकडची कपोताक्ष नदी, जिचा आवाज त्यांना हजारो मैलांवर ऐकू येत होता. बंगाली भाषेवरही एक कविता आहे. घरात खजिना असताना परमुलखात भीक मागत हिंडलेल्या माणसाचा तो कबुलीजबाब आहे.

१८६५ हे दान्तेच्या जन्माचं सहाशेवं वर्ष. इटलीभर उत्सव चालू होता. मधुसूदनांनी दान्तेवर बंगालीत सुनीत लिहिलं, त्याचे फ्रेंच आणि इटालियन अनुवाद केले आणि ते इटलीचा राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्याकडे पाठवून दिले. राजाच्या दरबारातून कौतुकाचं उत्तर आलं. ज्या घरात जत्रेपुरते पैसे नव्हते, त्या घरातून एका राजाला बंगाली कवितेची भेट गेली!

या सगळ्या कविता १८६६ मध्ये 'चतुर्दशपदी कवितावली' या नावाने कोलकात्यात प्रसिद्ध झाल्या. त्या शंभराच्या वर भरतात. पुढे मराठीतही केशवसुतांनी हा प्रकार आणला. आपण पाठ्यपुस्तकात सुनीत शिकवतो ते हेच.

शेवट

मदत पोचल्यावर मधुसूदन लंडनला परतले. नोव्हेंबर १८६६ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १८६७ च्या सुरुवातीला मायदेशी आले. वकिलीत पैसा मिळाला, पण तो हातात टिकला नाही. प्रकृती ढासळली, कर्ज पुन्हा वाढलं. २६ जून १८७३ रोजी हेन्रिएटा गेली आणि तीनच दिवसांनी, २९ जूनला, कोलकात्याच्या एका इस्पितळात मधुसूदनांनी डोळे मिटले. वय एकोणपन्नास. जी बॅरिस्टरी मिळवायला एवढा आटापिटा केला, तिच्यासाठी आज त्यांची कुणी आठवण काढत नाही. कपोताक्षावरची कविता मात्र बंगाली मुलं शाळेत वाचतात.

आपल्यासाठी काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. परदेशी जायचं तर घरची भाषा मागे ठेवावी का?

मधुसूदनांनी परक्या भाषा शिकल्या हे चुकलं, असं मी मुळीच म्हणणार नाही. इटालियन आली नसती तर त्या कविता त्या रूपात झाल्याच नसत्या. मुलांना इंग्रजी शिकवा, जर्मन शिकवा, जमलं तर इटालियनही शिकवा. पण नवी भाषा शिकून जे हाती येतं ते ठेवायला घर लागतं. मधुसूदनांकडे ते घर होतं. त्याला त्यांनी बरीच वर्षं कुलूप लावून ठेवलं होतं, एवढंच. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली बंगाली आत शाबूत होती, म्हणून ते परतू शकले. आपल्या मुलांच्या कानावर ती पडलीच नाही, तर पुढे ती कुठे परतणार?

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. चाळिशीत, कर्जात, परमुलखात हा माणूस शिकत होता. आपल्या वर्गातही घरी पैशाची चणचण असलेली, वेगळी बोली बोलणारी मुलं बसतात. त्यांच्यासाठी प्रमाण मराठीसुद्धा एक नवीच भाषा असते. ती चुकतात तेव्हा हसण्याऐवजी त्यांच्या बोलीतला शब्द फळ्यावर प्रमाण शब्दाच्या शेजारी लिहून बघा. 'सप्त' आणि 'सात' शेजारी लिहितो, तसाच.

आणि एक छोटा उपक्रम. मुलांना आपल्या गावच्या नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर चौदा ओळी लिहायला सांगा. यमक जुळलं नाही तरी चालेल. पालकहो, त्या ओळी घरी आल्या की मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि शांतपणे ऐका.